सुंदराबाईंनी सोडलेल्या जागा

१

रविवारी सकाळी मांजरी गावाहून निघायचं, मागच्या सीटवर तंबोरा आडवा ठेवायचा, शनिवारवाड्याच्या मागे कुठेतरी गाडी लावायची आणि तिथून कसबा पेठेतल्या खोलीपर्यंत तंबोरा मी उचलून न्यायचा, असं आमचं ठरलेलं होतं. गल्लीतली माणसं मला गवई समजायची. मी कधी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

गाणारी अवनी होती, माझी बायको. मूळची अकोल्याची. गाणं शिकायला पुण्यात आली, माझ्याशी लग्न करून इथलीच झाली आणि २००४ साली पीएच.डी. करत होती. नुकत्याच ग्रामोफोनच्या तबकड्या निघू लागल्या होत्या, त्या काळातल्या गायिका नेमक्या कशा गात, हा तिचा विषय. नुसती चाल बसवणं तिला पुरेसं नव्हतं. मायक्रोफोन नसताना त्या आवाज कुठून काढत, कोणत्या पट्टीत गात, बसत कशा, 'च' आणि 'ज' कसे उच्चारत, किती मोठ्या खोलीत गात, हे सगळं शोधायचं आणि मग स्वतः तसंच गाऊन दाखवायचं.

"गाणं शंभर वर्षांपूर्वीचं आणि गळा कालचा, म्हणजे अंगरख्यावर मनगटी घड्याळ," असं तिच्या मार्गदर्शक मंदाकिनीबाई म्हणायच्या. साठी ओलांडलेल्या, सदाशिव पेठेत एकट्या राहणाऱ्या आणि कुणाचं कौतुक करायची वेळ आली की दंड भरल्यासारखा चेहरा करणाऱ्या. अवनीवर त्यांचा जीव होता, हे मला फार उशिरा कळलं.

माझं काम वेगळं. हडपसरच्या एका कंपनीत मी इंटरनेटवरून फोन चालवण्याचं सॉफ्टवेअर लिहीत होतो. फोनवर माणूस निम्मा वेळ गप्प असतो. ती शांतता पलीकडे पाठवण्यात अर्थ नसतो, म्हणून आमचा प्रोग्रॅम ती ओळखायचा आणि टाकून द्यायचा. मग ऐकणाऱ्याला फोन कट झाला असं वाटू नये, म्हणून त्याच्या कानात थोडी खोटी खरखर भरायचा. शांतता ओळखायची आणि फेकून द्यायची, यासाठी मला पगार मिळत होता. हे मी मित्रांना विनोद म्हणून सांगत असे.

२

सुंदराबाई हे नाव अवनीला एका संग्राहकाकडे मिळालं. कसबा पेठेत राहणारी गायिका, एवढीच माहिती. तिची एकच तबकडी उरली होती. एका बाजूला ओरखडे आणि दुसऱ्या बाजूला एक पद: 'दिवा ठेवू कुठे सखे, वारा आला दारी.' ते संगणकावर घेऊन साफ करून देण्याचं काम माझ्याकडे आलं.

त्या वेळी गाणाऱ्याला एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावं लागे आणि तबकडी तीन-साडेतीन मिनिटांत संपे. त्यामुळे सगळे घाईत गात. सुंदराबाई मात्र मध्येच थांबायची. पहिली ओळ झाली की थांबायची. अंतऱ्यात थांबायची. दम घ्यायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ. तेवढ्यात तबला बंद होत नसे, फक्त हलका होई. दुसरं कुणी गायला लागलं की साथीदार हात हलका करतो, तसा. आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणे शेवटी ती स्वतःचं नाव सांगायची, "सुंदराबाई, पुणे." त्यानंतर पुन्हा तेवढीच रिकामी जागा, आणि मग सुई तबकडीबाहेर जाई.

मंदाकिनीबाईंनी याचा उलगडा लगेच केला. सोबत गाणारी दुसरी बाई असणार, ती मागे बसत असणार आणि कर्ण्यापर्यंत तिचा आवाज पोचला नसणार. "यात गूढ काही नाही. तेव्हाही मागे बसणाऱ्यांचं कुणी ऐकत नव्हतं." मला ते पटलं.

एक गोष्ट मात्र मी त्या दोघींना सांगितली नाही, कारण ती चूक माझ्या यंत्राची असणार असं मला वाटलं. जुन्या तबकडीची खरखर सुईच्या घासण्याची असते. ती गाण्याच्या वेळची नसते, तबकडीच्या अंगाची असते. गाताना त्या खोलीत हत्ती आणून उभा केला असता तरी तिच्यात फरक पडला नसता. पण पडद्यावर मला दिसत होतं की त्या रिकाम्या जागांमध्ये खरखरसुद्धा खाली बसते. सुईच्या आणि तबकडीच्या मध्ये कुणी तळहात धरावा तशी.

मी सुई बदलली, वायर बदलली, पुन्हा घेतलं. तेच. माझा सफाईचा प्रोग्रॅम त्या जागांवर अडखळायला लागला, तेव्हा मी वैतागून त्या जागा निवडल्या आणि पूर्ण कोऱ्या केल्या. तिथे मुळात काही नव्हतंच. सीडी करून अवनीला दिली. तिने ती इतकी ऐकली की आमच्या घरात कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्येही सुंदराबाई गायची.

३

कसबा पेठेतली खोली एका तांबटाच्या दुकानावर होती. लांबट, बुटक्या छताची, लाकडी तक्तपोशीची, भिंतीत कोनाडे. सुंदराबाई त्याच गल्लीत राहायची, असं मंदाकिनीबाईंचं म्हणणं होतं, आणि असल्या खोलीत आवाज कसा फिरतो ते कळायला हवं म्हणून त्यांनी ती महिन्याच्या बोलीवर घेतली होती. खाली दिवसभर तांब्यावर हातोडी चालायची. रविवारीही ती पूर्ण थांबत नसे. पहिल्यांदा डोकं उठायचं, मग सवय झाली.

तबल्याला श्यामसुंदरकाका असायचे. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, फार न बोलणारे, वेळेवर येणारे आणि वेळेवर जाणारे. अवनीने महिनाभर नुसता आवाज लावण्यात घालवला. छातीतून, नाकाच्या मुळाशी ठेवलेला, धारदार आवाज. मला सुरुवातीला तो आवडला नाही. मग एके दिवशी तिने पद अथपासून इतिपर्यंत गायचं ठरवलं. सोडलेल्या जागांसकट.

मी दाराशी बसलो होतो. मंदाकिनीबाई खिडकीत. पहिली ओळ संपली, अवनी थांबली आणि काकांचे हात आपोआप हलके झाले. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते ध्यानात यायच्या आत ती पुढची ओळ गायला लागली. अंतऱ्यातल्या जागेला मी सावध होतो. त्या वेळी कळलं. खालची हातोडी थांबली होती. अवनी पुन्हा गायला लागली आणि हातोडी पुन्हा सुरू झाली.

माणूस दिवसभर हातोडी मारतो, मध्ये घाम पुसतो, भांडं फिरवतो. दोनदा जुळलं, तर योगायोग. मी मनाशी असं ठरवलं आणि चहा आणायला खाली गेलो. तांबट काम करतच होता. मी सहज विचारलं तर म्हणाला की तासाभरात त्याने हात थांबवलेला नाही.

चहा झाल्यावर श्यामसुंदरकाका तबल्यांवर गवसण्या चढवत होते. त्यांचं चढवून होईना, नाडी सारखी सुटत होती. शेवटी ते माझ्याकडे न बघता म्हणाले,

"साथ करणाऱ्याला गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो. त्यावरच आमचं चालतं. आज दोघी श्वास घेत होत्या."

मी मंदाकिनीबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "मी दम्याची आहे, काका. माझा असेल."

काका हसले नाहीत. पुढच्या रविवारपासून ते आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणून निरोप होता, आणि त्यांच्या वयाच्या माणसाचे गुडघे दुखतातही. आम्ही तबल्याशिवाय सराव चालू ठेवला.

४

आमची इमारत मांजरीच्या कडेला होती. मागे ऊस, पुढे अर्धवट बांधलेल्या आणखी दोन इमारती. बरेच फ्लॅट रिकामे होते, त्यामुळे जिन्यात आपलीच चप्पल आपल्या मागून यायची. अवनीला ती शांतता आवडायची. दिवसभर एकटी सराव करता येतो म्हणायची.

आधी माझ्या लक्षात आलं ते फोनवर. ती अकोल्याला आईशी बोलत होती. बोलता बोलता थांबली. आई पलीकडून बोलत असतील म्हणून मी दुर्लक्ष केलं. पण रिसीव्हरमधून आईंचा आवाज मला ऐकू येत होता, त्या "हॅलो, हॅलो" करत होत्या. अवनी ते ऐकत नव्हती. मान किंचित कलती करून ती दुसरंच काही ऐकत होती. मग हसली आणि पुढे बोलायला लागली.

नंतर ते रोजचं झालं. "कांदे संपलेत, येताना आणशील?" मी "आणतो" म्हणायचो. ती तरीही माझ्याकडे बघत थांबायची, आणि थोड्या वेळाने "बरं" म्हणायची. ते "बरं" मला नसायचं. जेवताना, गाडीत, भाजी घेताना, बोलण्यात ती रिकामी जागा यायची. आणि तिची लांबी माझ्या ओळखीची होती. पडद्यावर मी ती इतक्या वेळा पाहिली होती की डोळे मिटून सांगितली असती.

मी तिला विचारलं. तिला खरंच कळलं नाही मी काय म्हणतोय ते. मग म्हणाली, "सवय लागली असेल. सारखं तेच गातेय ना." हे कारण चांगलं होतं. ऑफिसमधला एक जण सहा महिने टेक्सासच्या क्लायंटशी बोलून आईशी तसल्या उच्चारात बोलायला लागला होता. माणूस जे रोज ऐकतो ते त्याच्या तोंडी बसतं. मी हे कारण घट्ट धरून ठेवलं.

पण आमच्या वॉचमनने ते टिकू दिलं नाही. गेनबा तिथलाच, मांजरीचा. एका संध्याकाळी मी गाडी लावत असताना त्याने सहज विचारलं की वहिनींकडे पाहुण्या आल्यात का. मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "दुपारचं जिन्यातनं जाताना ऐकू येतंय की. दोघी गात्यात. दुसरीचा आवाज लई जुना हाय, आमच्या आजीच्या वेळचा."

मी वर गेलो. अवनी गात होती. दाराबाहेर उभा राहून मी पूर्ण पद ऐकलं. तिची ओळ, मग शांतता. तिची ओळ, मग शांतता. दुसरं काहीच मला ऐकू आलं नाही.

५

मी मंदाकिनीबाईंना गाठलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नवऱ्याचं बोलणं संपल्यावर बायको थोडी थांबते, ही तक्रार मी पहिल्यांदाच ऐकतेय."

तरी पुढच्या रविवारी त्यांनी अवनीला सांगितलं की आज जागा सोडायच्या नाहीत, सलग गा. अवनीला त्यात काही अडचण वाटली नाही. तिने तंबोरा घेतला, पहिली ओळ गायली आणि न थांबता पुढे गेली. म्हणजे तिचं तोंड पुढे गेलं. आवाज आला नाही. ओठ शब्द म्हणत होते, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, खालची हातोडी बंद होती, आणि खोलीत तंबोराही वाजत नव्हता, तिची बोटं तारांवर फिरत असूनही. मग ती जागा संपली आणि सगळं एकदम परत आलं. अवनीचा आवाज, तारा, हातोडी, गल्लीतल्या रिक्षाचा हॉर्न.

तिने तंबोरा खाली ठेवला. घाबरलेली नव्हती. थोडी ओशाळली होती, दुसऱ्याच्या घरात न विचारता गेल्यासारखी.

"तिथे मला नाही गाता येणार," ती म्हणाली. "कुणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखं वाटतं."

मंदाकिनीबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मी म्हणालो, हे थांबवू या. त्या वळल्या. मला वाटलं आता टोमणा येणार. पण त्यांनी विचारपूर्वक सांगितलं की अवनीने हे पद लोकांसमोर गायचा कार्यक्रम पुढच्या आठवड्यात आहे, पत्रिका गेल्या आहेत, एकदा तो होऊ दे. आणि इतिहासाच्या दृष्टीनेही अर्धंच गाणं ठेवणं बरोबर नाही. मागे बसणारी बाई होती ना? मग मागे बसायला कुणीतरी हवं.

"मी बसते," त्या म्हणाल्या. "जागा रिकामी ठेवली, की ती कुणीही घेतं."

मला त्यात शहाणपण दिसलं. एक माणूस तिथे बसवला की प्रश्न मिटला, असं मलाही वाटलं.

६

कार्यक्रम एका संस्थेच्या छोट्या सभागृहात, दुपारी चारला. ध्वनिवर्धक नाही, बैठक जमिनीवर, खिडक्या उघड्या. श्रोते म्हणजे निवृत्त प्राध्यापक, गाण्याच्या शिक्षिका, काही विद्यार्थी. अवनीने आधी सोदाहरण सांगितलं, जुना आवाज कसा लागतो, का लागतो. फार छान बोलली, आणि एकदाही मध्ये थांबली नाही. मला किती हलकं वाटलं. मग ती गायला बसली. मंदाकिनीबाई नऊवारी नेसून आल्या होत्या. त्या तिच्या मागे, उजव्या खांद्याशी बसल्या. मी कोपऱ्यात ध्वनिमुद्रण करत होतो, कानांवर हेडफोन.

पहिली ओळ संपली. अवनी थांबली. मंदाकिनीबाईंनी मान वर करून तोंड उघडलं.

हेडफोनमध्ये काहीच आलं नाही. गाणं नाही, आणि पंखा, कुणाचं खोकणं, तेही नाही. मला वाटलं वायर सुटली. मी हेडफोन काढला. बाहेरही तसंच होतं. समोर माणसं होती, डोक्यावर पंखा फिरत होता, मंदाकिनीबाईंचं तोंड उघडं होतं, आणि त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते गाणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत नसतं. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी डोळे मिटून हात वर केला, दाद देतात तसा.

प्रत्येक जागेला असंच झालं. शेवटी अवनीने जुन्या रीतीने आपलं नाव सांगितलं, "अवनी, पुणे." ती थांबली. श्रोतेही थांबले, पुढचं ऐकत असल्यासारखे. त्यानंतर टाळ्या झाल्या, आणि त्या मला ऐकू आल्या.

लोक मंदाकिनीबाईंभोवती गोळा झाले. इतकी वर्षं हा गळा कुठे लपवून ठेवला होता, असं एक शिक्षिका विचारत होत्या. कुणी म्हणालं, अंगावर काटा आला. मी गर्दीतून त्यांच्याजवळ पोचलो. त्यांनी माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा होता. त्यांनी बोलायचा प्रयत्न केला, पण नुसती हवा आली, आणि त्या हवेतून मला एवढंच कळलं:

"मी गायले नाही."

७

त्यांचा आवाज परत आला नाही. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं, स्वरयंत्र स्वच्छ होतं. मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा त्या पलंगावर भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. टेकून नव्हे, पाठ भिंतीत दाबून. मागे तांदूळ मावेल एवढीही फट नव्हती. उशा काढून टाकल्या होत्या. मी काय ते विचारलं, तर त्या कुजबुजल्या, "ती माझ्या मागे बसली होती. मी वळले नाही. तेवढी अक्कल होती." मग हाताने मला खूण केली की तूही भिंतीशी बस. मी बसलो. आम्ही दोघं एका भिंतीला पाठ लावून चहा प्यायलो. पावसाळा संपायच्या आत त्या गेल्या. त्याच जागी, त्याच बैठकीत.

अवनी रडली, मग सराव सुरू केला. मी हात जोडले, ओरडलो, एकदा तंबोऱ्याच्या तारा कापल्या. तिला तंबोरा लागतच नव्हता.

कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण मी तिला ऐकवलं. त्या जागा आल्या की माझ्यासाठी सगळं कोरं होई, आणि ती डोळे मिटून मांडीवर ठेका धरी. मी गेनबाला वर बोलावून ऐकवलं. तो म्हणाला दुसऱ्या बाई पहिलीपेक्षा गोड गातात. तेव्हा मी कान तपासून घेतले. ठीक होते. डॉक्टर म्हणाले, तुमच्या वयाला याहून चांगले कान नसतात.

अवनीच्या बोलण्यातली रिकामी जागा वाढत चालली होती. आता ती एखादं वाक्य बोलायची आणि मग दुपारभर गप्प. शेजारी नव्याने राहायला आलेल्या बाई मला लिफ्टमध्ये म्हणाल्या की तुमच्या मिसेस किती गप्पिष्ट आहेत, वेळ कसा जातो कळत नाही.

एका संध्याकाळी ती गॅलरीत उसाकडे बघत उभी होती. मी तिचा हात धरला आणि विचारलं की मलाच का ऐकू येत नाही. ती इतक्या मायेने माझ्याकडे वळली की मला वाटलं, आजार उतरला.

"तू त्या जागा पुसल्यास ना," ती म्हणाली. "राग नाहीये तिचा. तिने तुला एवढंच सांगायला सांगितलंय, की..."

आणि तिचे ओठ मिटले. ती माझ्याकडे बघत राहिली. मान हलत होती, डोळे बोलत होते, हातातला हात मध्ये मध्ये दाबत होती. फार वेळ. मग तिने माझा गाल थोपटला आणि आत गेली. मी तिचा आवाज ऐकला तो तेवढाच. त्यानंतर नाही.

८

मी अकोल्याहून सासूबाईंना बोलावून घेतलं. त्यांना मी आईच म्हणतो. फोनवर फार काही सांगितलं नाही, अवनी बोलत नाही एवढंच सांगितलं. त्या दुसऱ्या दिवशी सकाळीच आल्या. बॅग खाली न ठेवता आधी मुलीला जवळ घेतलं.

मग दोघी दिवाणावर बसल्या. मी समोर खुर्चीत. आईंनी प्रवासाचं सांगितलं, वडिलांच्या मधुमेहाचं सांगितलं. मग थांबल्या, ऐकायला लागल्या. हसल्या. "हो का?" म्हणाल्या. पुन्हा ऐकलं. पदराने डोळे पुसले. अवनीचे ओठ एकदाही उघडले नाहीत. आणि आईंचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे नव्हतं. त्या तिच्या उजव्या खांद्याच्या थोडं मागे बघत होत्या, जिथे भिंत होती. आपण तिकडे बघतोय हे त्यांना माहीत नसावं.

बऱ्याच वेळाने अवनी उठून आत गेली. आई माझ्याकडे वळल्या. चेहरा फुलला होता.

"उगाच घाबरवलंस मला. किती महिन्यांनी मोकळी बोलली पोरगी."

मी विचारलं, "काय म्हणाली?"

"तू इथंच तर बसला होतास."

"तरी सांगा ना, आई."

त्या थोड्या घुटमळल्या. जावयाला कसं सांगावं असा विचार करत असाव्यात. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "तुझीच काळजी करत होती. म्हणे, त्याला आधी माझं ऐकू येईना झालं, आता एकेक करून सगळ्यांचंच..."

आईंचे ओठ मिटले.

डोळे माझ्यावरच होते. मान हलत होती, भुवया वर-खाली होत होत्या, गुडघ्यावरचा हात धीर देत होता. त्या बोलत होत्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, आणि त्यांच्या मागच्या भिंतीकडे बघायचं टाळत होतो.

आत गॅसवर कुकर होता. त्याची वाफ स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर येताना दिसत होती. मी शिट्टीची वाट बघत बसलो.